पाठीवरचं औषध

माझी बायको जाऊन सात महिने झाले. हृदय बंद पडून गेली. भेटायला येणाऱ्यांना वाटतं की कातडीच्या कॅन्सरने गेली, आणि मी दर वेळी तसं नाही म्हणून सांगतो. तो आजार तिच्याबरोबर अकरा वर्षं राहिला. त्यातली पहिली सहा वर्षं त्याला कुणी गजकर्ण म्हणत होतं, कुणी इसब. अकरा वर्षांतल्या एका चुकीबद्दल मला लिहायचं आहे. ती माझी होती.

मी लाकडी फर्निचरला पॉलिश करतो. बायको घरीच कपडे दुरुस्त करायची, चेन बदलायची, बाह्या आखूड करायची. तिच्या पाठीवर आणि कमरेवर तांबूस डाग होते, कडेला किंचित उचललेले, वर बारीक कोंडा. सहा वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, हा कातडीचा लिम्फोमा आहे, पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. पण तो कातडीतच आहे, आत गेलेला नाही, आणि वरून लावायच्या औषधांवर माणसं वर्षानुवर्षं ठीक राहतात.

"कॅन्सरला मलम?" बायकोने विचारलं.

"मलमच."

"आणि मी सहा वर्षं मलमच लावत होते. फक्त चुकीचं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मी हसलो.

आधी स्टिरॉइडचं मलम होतं. त्यावर चार वर्षं बरी गेली. मग पाठीवरचे डाग जाड व्हायला लागले तेव्हा ट्यूबमधली जेल आली. ती पेशी मारणारी होती, त्यामुळे तिचे नियम कडक. सिस्टरने मला समोर बसवून सांगितले. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या डब्यात. आंघोळीनंतर अर्धा तास थांबून, पूर्ण कोरड्या कातडीवर दिवसातून एकदा पातळ थर लावायचा. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे. नंतर दहा मिनिटं वर कपडा नको, आणि ओली आहे तोवर जवळ गॅस पेटवायचा नाही.

"पाठीला कोण लावणार?" सिस्टरने विचारलं.

"हे लावतील," बायको म्हणाली. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या कपाटांना लावतायत."

रोज सकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टॉवेल छातीशी धरून पाठमोरी बसायची. मी मोजे घालून लावायचो. मग दहा मिनिटं दोघांना काहीच करता यायचं नाही, म्हणून बोलायचो. कोणाच्या पँटची कंबर किती सैल केली, कोण दिलेला कपडा न्यायलाच आलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण एका जागी बसून रोज दहा मिनिटं बोलण्याची ही पहिलीच वेळ.

चूक अशी झाली. जेलला रंग नव्हता. लावली की दोन मिनिटांत दिसेनाशी व्हायची, कातडी होती तशीच. आमच्या कामात पॉलिशचा पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. तो दिसत नाही, दिसतो तो दुसरा. मी कधीही एका हातावर काम सोडलेलं नाही. म्हणून पहिला थर वाळला की मी दुसरा द्यायचो. तिला सांगितलं नाही. पाठमोऱ्या माणसाला कळत नाही.

दोन आठवड्यांनी पाठ लाल झाली. मला वाटलं, औषध लागू पडतंय. तिलाही तेच वाटलं असावं, कारण आग होतेय असं ती म्हणाली नाही, फक्त खुर्चीला टेकून बसणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात फोड आले.

डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली आणि ट्यूब हातात घेतली. तोंडापर्यंत गुंडाळलेली होती.

"ही अजून निम्मी तरी उरायला हवी होती. किती लावता?"

मी ट्यूबच्या झाकणाकडे बघितलं. सिस्टर बघत होती.

"मीच सांगितलं यांना, जरा सढळ हाताने लावा म्हणून," बायको म्हणाली. "लवकर बरं व्हायची घाई."

डॉक्टरीणबाई तिला बरंच बोलल्या. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. जेल चार आठवडे बंद झाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मोज्याचा आवाज येतो, मिस्त्री. दोनदा यायचा."

"मग तिथे खोटं का बोललीस?"

"तुम्हाला त्या बोलल्या असत्या तर तुम्ही चार दिवस जेवला नसता. मला पाठ सांभाळायचीय. वर तुमची समजूत कोण काढणार?"

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "जेल पुन्हा सुरू झाली की धाकटीला बोलावते. ती लावेल."

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. मी बरं म्हणालो. दुसरं काही म्हणण्याचा हक्क मला वाटला नाही.

चार आठवड्यांत फोड वाळले, पण डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक नवा डाग आला. मी तो पाहिला तेव्हा ती कपडे बदलत होती. तिने झटकन ब्लाउज ओढून घेतला. त्या क्षणी मला कळलं की माझ्याकडून फक्त एक काम काढून घेतलेलं नाही. ती माझ्याकडे पाठ करायला तयार नव्हती. पुन्हा कधी होईल की नाही, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. नव्या डागाची काळजीही त्यापुढे मागे पडली, हे मला इथे लिहायला हवं.

जेल पुन्हा सुरू झाली ती तीन दिवसांतून एकदा. मेहुणी सकाळी यायची आणि दार लोटून घेतलं जायचं. मी बाहेर पॉलिशपेपरचे तुकडे कापत बसायचो. दहा मिनिटं आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा.

महिनाभराने मेहुणी हात पुसत बाहेर आली. "भाऊजी, मला नाही जमत. कॅन्सरचं औषध म्हटलं की भीती वाटते. खांद्याखालचा तो डाग मी दोनदा विसरले. तिला सांगू नका."

"तूच सांगितलंस," आतून बायकोचा आवाज आला. "भिंती पातळ आहेत."

त्यानंतरच्या खेपेला मेहुणी आली नाही. बायकोने मला आत बोलावलं. ती स्टुलावर होती, पण माझ्याकडे तोंड करून. ट्यूब आणि मोजे टेबलावर.

"दुसरा थर का दिलात?"

मी खरं ते सांगितलं. "एकाने काही दिसत नव्हतं. मला वाटायचं, मी काही केलंच नाही."

"माझ्या पाठीवर तुमचं काम दिसायला नकोय मला."

"नाही दिसणार."

"त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगाल, दोन थर तुम्ही दिले म्हणून?"

"सांगेन."

"मग तुम्ही चार दिवस जेवणार नाही."

"जेवेन."

तिने ट्यूब माझ्या हातात दिली. मग वळली. मी मोजे घातले. डाग सहा होते, नवा धरून. प्रत्येकावर पातळ थर दिला, कडेपर्यंत. शेवटचा होईतो पहिला वाळलाही होता आणि पाठ अगदी कोरडी, कुणी हात न लावल्यासारखी दिसत होती. माझी बोटं ट्यूबवरच होती. मी झाकण लावलं, ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली, मोजे काढले, हात धुतले.

"झालं?"

"झालं."

"मग समोर येऊन बसा. मागे उभे राहिलात की मला बोलायला सुचत नाही."

मी दुसरं स्टूल घेऊन समोर बसलो. तिने टॉवेल नीट केला आणि सांगायला लागली, की एका बाईने लग्नातला कोट सैल करायला आणलाय, नवऱ्याचा, आणि नवऱ्याला म्हणे कळता कामा नये.