सुट्टीच्या दिवशीची भिंत

अनुजानं बांधलेली भिंत कॉलेजात ज्यानं त्यानं नावाजली, आणि खोटं कशाला बोला, भिंत होतीच तशी देखणी. अठरा फूट लांब, मातीच्या दाबलेल्या विटांची, आणि तिच्यात वितीवितीवर भोकं. भोकंही अशीतशी नव्हेत. इरकली लुगड्याच्या काठाला देवळाच्या कळसासारखी नक्षी असते ना, ती सगळी नक्षी पोरीनं भोकांत उतरवलेली. दुपारचं ऊन त्यातनं आत आलं की फरशीवर लुगडं वाळत घातल्यासारखं दिसायचं. फोटोत तर विचारूच नका.

ही भिंत कुठल्या बंगल्याला नव्हती. कबनूरला विजयसिंहांचा चोवीस मागांचा कारखाना आहे, त्याच्या पश्चिम अंगाला ती उभी होती. त्याच कारखान्यात अनुजाचे वडील, आण्णा, अठ्ठावीस वर्षं माग चालवत होते. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. पोरगी रोज बसनं कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या कॉलेजात जायची, आता पाचवं वर्ष, शेवटचं. त्या वर्षाचा मोठा प्रकल्प म्हणून तिनं मागाचा कारखानाच घेतला होता. विजेच्या पंख्याशिवाय गार राहणारा, आणि बघितल्याबरोबर इथल्याच मातीतला वाटणारा. त्यातली एक भिंत तरी खरी बांधून दाखवायची, ही तिची जिद्द.

मे महिन्यात प्रकल्प पास झाला की पदवी, पदवीनंतर नोकरी, आणि मग आण्णांनी मागावरनं उतरायचं, असं घरात ठरलेलं. वर्ष गेलं तर पुढचं वर्ष ओढायला आण्णांच्या छातीत दमच उरला नव्हता. इतक्या वर्षांची सुताची धूळ आत बसलेली. चार पायऱ्या चढले की खोकत खाली बसायचे. पोरीला हे सगळं दिसत होतं, म्हणून तर ती जिवाच्या करारानं कामाला लागलेली.

पुठ्ठ्याचं मॉडेल झालं तेव्हा तिनं ते दारातल्या उन्हात ठेवलं आणि आण्णांना उठवून आणलं. आण्णा उकिडवे बसून किती तरी वेळ बघत राहिले. भोकावर बोट फिरवलं.

"वारं लई येईल काय गं ह्यातनं?" त्यांनी विचारलं.

"आण्णा, वारं यावं म्हणूनच की भोकं!" अनुजा खळखळून हसली.

आण्णाही हसले, आणि गप्प बसले. इथंच घोळ झाला बघा. मागावर उभा राहणारा कुठलाही माणूस सांगेल, वारं म्हणजे सुताचा वैरी. वाऱ्यानं सूत सुकतं, सुकलं की तटातट तुटतं, वर उडता कापूस येऊन ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, बसतो तो वेगळाच. म्हणून तर कारखान्याच्या खिडक्या खिळे मारून बंद करतात, जमिनीवर पाणी मारतात आणि माणसं आत उकडून निघतात. अठ्ठावीस वर्षं हे केलेला माणूस, पण एवढ्या शिकलेल्या पोरीपुढं आपण अडाण्यानं काय सांगायचं, म्हणून बोलला नाही. आणि पोरीनं तरी विचारायला नको होतं? पाच वर्षं पुस्तकं चाळली, घरातल्या माणसाला एकदा विचारलं नाही!

विजयसिंहांना आण्णांनीच गळ घातली. मालकांनाही हौस होती. मातीची भिंत, कॉलेजची पोरं, पेपरात फोटो. वाऱ्याचं काय ते मागनं बघू, म्हणाले. दसऱ्यानंतर भिंत उभी राहिली. बघायला यायचं तर सुट्टीच्या दिवशी ये, असं आण्णांनी तिला बजावून ठेवलं.

"चालू कारखान्यात तू यायचं न्हाय. धूळ हाय, गडी उघडी असत्यात घामानं. शोभतंय व्हय?"

म्हणून अनुजा सुट्टीलाच गेली. माग बंद, मोटारी गार, झाडलोट झालेली. फोटो काढले, थर्मामीटर धरला, बाहेरच्यापेक्षा पाच अंश कमी. पोरगी हरखून गेली. कामाच्या दिवसांचं माप हवं म्हणून तिनं आण्णांना एक थर्मामीटर आणि एक वही दिली. रोज दुपारी दोन वाजता बघायचं आणि लिहायचं. आण्णा न चुकता लिहायचे, मोठ्या, वाकड्या अक्षरात. सत्तावीस. अठ्ठावीस. सत्तावीस.

मार्चमध्ये एकदा वहीचं पान उलटताना तिचा हात थांबला होता. त्या दिवशी कोल्हापुरात रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि वहीत सत्तावीस. तिनं क्षणभर बघितलं आणि पुढचं पान उलटलं. आकडे तिला हवे तसेच होते ना.

एप्रिल संपत आला तेव्हा पुण्याहून परीक्षक बाई आल्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. बोर्डावरचे फोटो बघून मान डोलावली, मग वही चाळायला घेतली. शेजारी अनुजाचे मार्गदर्शक राजवर्धन सर उभे होते.

"दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली, चोवीस मोटारी चालू, आणि सत्तावीस?" बाईंनी चष्म्यावरनं बघितलं.

"भिंतीचाच गुण आहे मॅडम," अनुजा म्हणाली.

"मग चालू कारखान्यातच बघू या ती. तास-दीड तासाचं काम. सर, तुमची गाडी आहे ना?"

अनुजाला एकाएकी जायला नको वाटलं. का ते तिला सांगता आलं नसतं. गाडीतनं तिनं आण्णांना चार वेळा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मागांच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं म्हणत तिनं फोन पिशवीत टाकला.

विजयसिंह कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत होते. "या पावणं, या!" म्हणाले, पण अनुजाला बघून तोंड जरा उतरलंच त्यांचं. दार उघडलं आणि खडखडाटाचा लोंढा अंगावर आला. आत धुकं पसरावं तसा कापूस. जमीन ओली, अंगाला चिकटणारी वाफ. अनुजा भिंतीकडं बघायला गेली आणि जागीच थिजली.

भिंत दिसतच नव्हती. एकूण एक भोकात सुताच्या कचऱ्याचे बोळे कोंबलेले, वरनं प्लास्टिकचा कागद ठोकलेला. उन्हाचा कवडसासुद्धा आत येत नव्हता. बाईंनी पिशवीतनं थर्मामीटर काढला, पाच मिनिटं धरला आणि काही न बोलता अनुजापुढं केला. एकोणचाळीस.

भिंतीजवळच्या चार मागांवर कोणी दुसराच तरुण गडी होता.

"आण्णा कुठं हाईत?" अनुजानं ओरडून विचारलं.

मागांची दुरुस्ती करणारा आरिफ पुढं आला. आण्णांच्या बरोबरीनं वीस वर्षं काढलेला माणूस. त्यानं तिला दाराबाहेर घेतलं. मागोमाग बाई, सर, मालक आले, आणि जेवायच्या सुट्टीला निघालेले पाच-सहा गडीही थांबले.

"तुला ठावंच न्हाय व्हय?" आरिफ म्हणाला. "आण्णा संक्रांतीपास्नं हितं न्हाईत. भोकांतनं वारं आलं, सूत टिकंना. आम्ही म्हटलं बुजवू या. आण्णा आडवं पडलं की! 'माझ्या पोरीची भित हाय, कुणी हात लावायचा न्हाय.' त्यांचंच चार माग वाऱ्यात. दिवसभर तुटलेलं धागं जोडत बसायचं. कापडाच्या ताग्यामागं ताग्यात डाग, व्यापारी माल परत धाडाय लागला."

"मी समजावलं की ओ," विजयसिंह म्हणाले. "म्हटलं आण्णा, एक तर भोकं बुजवू द्या, न्हायतर माग सोडा. त्यांनी माग सोडलं. मी काय करू?"

"पण सुट्टीच्या दिवशी तर..."

"सुट्टीच्या दिवशी पहाटं येऊन एकटं बोळं काढत्यात, झाडून घेत्यात. तू गेलीस की आम्ही परत कोंबतोय," आरिफ म्हणाला. "आता गोदामात सुताची पोती उतरवत्यात. डबा घिऊन जात्यात न्हवं रोज? तिथंच."

छातीत भाता घेऊन हिंडणारा अनुजाचा बाप पोती उचलत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन तिला विचारत होता, आज काय काय काढलंस गं कागदावर?

बाईंनी वही उघडली. "मग हे आकडे कुणाचे?"

राजवर्धन सरांनी अनुजाला दोन पावलं बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना पोरगी तरायला हवी होती.

"नीट ऐक. खोटी मोजणी तुझी ठरली तर वर्ष गेलं. दुसऱ्या कुणी केली आणि तुला माहीत नव्हतं, तर ती वगळून प्रकल्प पास होतो. वही तू लिहिली नाहीस ना? मग स्पष्ट सांग."

अनुजानं मान वर केली. समोर आरिफ होता, आण्णांबरोबर भाकरी खाल्लेले गडी होते. तिला वाटलं, सांगून टाकावं. मी एकदाही चालू मागाजवळ आले नाही, मार्चमध्ये मला शंका आली होती आणि मी पान उलटलं, भिंतच चुकली माझी. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण वर्ष गेलं तर काय, हे डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि तिनं ते शब्द गिळले.

"वही वडलांनी लिहिलीय," ती म्हणाली. "आकडे खोटे आहेत. मला काही माहीत नव्हतं."

"तसं लिहून द्या," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

मालकांच्या टेबलावर कागद ठेवून तिनं लिहून दिलं. माझ्या वडिलांनी खोट्या नोंदी केल्या. खाली सही. विजयसिंह पुटपुटले, "आण्णा असलं काय करतील असं वाटलं न्हवतं." आरिफनं एकदा तिच्याकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि तो आत निघून गेला. बाकीचे गडीही जेवायला न जाता त्याच्यामागनं आत गेले.

सरांनी तिला गोदामाच्या कोपऱ्यावर सोडलं. "पाचला बोर्ड जमा करायचेत. नोंदींचा बोर्ड तेवढा काढ, बाकी तसंच ठेव. पाचच्या आत ये हं," असं म्हणून ते बाईंना घेऊन पुढं गेले.

गोदामापुढं ट्रक लागला होता. आण्णा पोतं टाकून फळीवरनं उतरत होते, डोक्याला फडकं बांधलेलं, कापसानं भुवया पांढऱ्या झालेल्या. तिला बघून त्यांनी आधी फडकं सोडलं, जणू तेवढ्यानं सगळं झाकणार होतं.

"अगं, तू? आज कॉलेज न्हाय?"

"परीक्षक बाई आल्त्या. कारखान्यात."

"आज? माग चालू असताना?" आण्णांचा चेहरा एवढासा झाला. "आदी सांगितलं असतंस तर बोळं काढून ठेवलं असतं की गं मी!"

अनुजाला रडू फुटलं. आण्णा खोकत खोकत ट्रकच्या चाकाला टेकले. दम खाली बसल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वरीस गेलं काय?"

"न्हाय. वरीस न्हाय गेलं."

"मग रडतीस कशाला येडे? मग झालं तर!" त्यांचा जीव भांड्यात पडला तो उघड दिसला. ते हसलेसुद्धा.

"आण्णा, मी त्यास्नी सांगितलं, वही तुमी लिवली. खोटं लिवलं म्हणून सांगितलं. सही करून दिली."

आण्णांचं हसू तिथंच राहिलं, कुठं ठेवावं ते कळेना असं. त्यांनी फडक्यानं मान पुसली, हात पुसले, परत मान पुसली.

"आरिफ हुता?"

"व्हय. समदी हुती. मालकबी."

ज्या माणसांत अठ्ठावीस वर्षं काढली, सणासुदीला ज्यांच्या घरी जायचं, त्यांच्यासमोर पोटच्या पोरीनं आण्णांना लबाड ठरवलं होतं. आता त्या दाराशी जाणं संपलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "तुझं नाव कशाला त्यात."

"आण्णा..."

"न्हाय, बरं केलंस. मी आपलं घरातच बसून लिवायचो. मला काय, कमी लिवलं की बरं दिसंल असं वाटलं. किती लिवाय पायजे हुतं गं?"

"एकोणचाळीस."

"एकोणचाळीस," आण्णांनी हळूच म्हटलं.

ट्रकवरनं मुकादम ओरडला, "ओ आण्णा, पोरीशी गप्पा मारायच्या आसल्या तर घरला जावा!" आण्णांनी घाईघाईनं फडकं बांधलं. फळीपाशी जाऊन पाठ वाकवली. वरच्या गड्यानं पोतं सोडलं तेव्हा ते एका बाजूला कलले आणि अनुजा पुढं धावली. आण्णांनी पोत्याखालनंच हात हलवून तिला मागं सारलं.

"जा तू. बस चुकंल."

तिला म्हणायचं होतं, मी थांबते, मी परत जाऊन सगळ्यांना खरं सांगते. तिनं घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. कोल्हापूरची बस कोपऱ्यावर आली होती. ती बसमध्ये चढली, आणि पाचच्या आत तिनं बोर्ड जमा केले.