माझ्या तळाचं भोक

मी एक जुनी, तळाला भोक असलेली तांब्याची वाटी आहे. हसू नका, मित्रांनो! कुण्या तांबटानं ते भोक मुद्दाम पाडलं. मला घटिका म्हणतात. पोशीरच्या देवळात मला पाण्याच्या घंगाळात सोडत. भोकातून पाणी चढून मी बुडाले, की चोवीस मिनिटं झाली. गावातल्या लग्नांची वेळ मीच सांगत असे.

१९६१ साली देवळाच्या गुरवीण अंबूबाईंनी हौसेनं मला कल्हईवाल्या हिरामणकडून कल्हई करून घेतली. कथील भोकात शिरलं. दुसऱ्याच दिवशी गावातल्या शकूचं लग्न, आणि मी बुडता बुडेना! पाहुणे मनगटावरची घड्याळं दाखवू लागले, भटजी मंगलाष्टकं ताणत राहिले. सगळे पोट धरून हसले.

आठवड्यानं अंबूबाईंनी मला देवळाच्या अंगणात पुन्हा हिरामणपुढे टाकलं. "बुजव रं हिचं भोक. आमटीला तरी येईल."

त्या दिवशी देवळात कीर्तन होतं, म्हणून वाल्मिकसर आले होते. ते पोशीरचेच. मुंबईच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून जुन्या उपकरणांचा इतिहास लिहायला गावोगाव फिरत. त्यांचं आयुष्य म्हणजे कीर्तनच: पूर्वरंग भौतिकशास्त्राचा, उत्तररंग इतिहासाचा.

"थांब गं आत्या!" ते ओरडले.

"भोकाच्या भांड्याचं कवतिक? येवढं शिकून ह्येच शिकलास?"

सरांनी मला उजेडात धरून पाहिलं. सुईनं कथील हळूच काढलं, मला घंगाळात सोडलं आणि आपलं घड्याळ शेजारी ठेवलं. बुवांनी अभंग धरला, पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर. या वेळी चुकले, तर जन्मभर आमटी! मी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि... टुक!

"चोवीस मिनिटं, वीस सेकंद," सर म्हणाले.

"मंग तुजं घड्याळच पुढं हाय रं!" अंबूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"असेल गं आत्या! पण बिचाऱ्या शकूचं लग्न उशिरा लागलं ना."

"आमचं झ्याक चाललंय," शकू मागून म्हणाली. "आता समद्यांची उशिराच लावा!"

बुवासुद्धा चिपळ्या थांबवून हसले.

सरांच्या पुस्तकात माझं चित्र आहे. त्याखाली अंबूबाईंचं आणि 'नाव न कळलेल्या तांबटाचं' ऋण मानलेलं आहे. सर १९८४ साली वैकुंठाला गेले. तेव्हापासून त्यांच्या पुण्यतिथीला शाळेतली मुलं मला पाण्यात सोडतात आणि श्वास रोखून बसतात. म्हातारा हिरामण पहिल्या रांगेत असतो. कुणी मला त्याच्या हातात देऊ लागलं, की म्हणतो, "नको रं बाबा, मी नुसता बघतो."

मित्रांनो, मला चकचकीत नाही केलंत तरी चालेल. पण जुन्या वस्तूचं भोक बुजवण्याआधी, ते कुणी आणि कशासाठी पाडलं, एवढं नक्की विचारा.