हिरव्या तोंडाची सेनापती

या, अशा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, कारण आज माझा आवाज फार चढायचा नाही. एक युद्धाची कथा सांगते. सैन्य पाऊणशे राक्षसांचं, रणांगण आमच्या पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल, आणि सेनापती मी. हसा, हसून घ्या. मीही हसले होते. नंतर जो धक्का बसला, त्यातून मी अजून पुरती उठलेली नाही.

गाठ लपवून ठेवायची माझी सवय नाही, म्हणून आधीच सांगते. माझ्या धाकट्या दिराचे डोळे जात होते. घरात कुणाला पत्ता नव्हता. त्याला एकच काम डोळे जायच्या आत पुरं करायचं होतं, आणि त्या कामाची नासाडी मी केली. याच हातांनी. तीही प्रेमानं.

आमचे भावोजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. भिंगाची कड बोटानं चाचपून केसाएवढा फरक सांगणारा माणूस. बोलणं कमी, पण जे बोलतील ते वजन करून. माझे यजमान गेल्यावर मी वरच्या खोलीत एकटी काय करू म्हणत होते, तर यांनी माझी ट्रंक उचलून खाली आणली आणि म्हणाले, "वहिनी, वर फार गार असतं." संपला विषय. तेव्हापासून मी, भावोजी आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, असे तिघं एका चुलीवर आहोत.

त्यांना नाद एकच. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लॅस्टिकचे शिपाई. पेटीत सुटे भाग येतात, हात वेगळे, पाय वेगळे, डोकी वेगळी. जोडायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर टेकड्या मांडून, फासे टाकून, टेपनं अंतर मोजून लढाई खेळायची. पण पेटीतला शिपाई जसाच्या तसा ठेवतील तर ते भावोजी कसले! याचं मुंडकं त्याला, त्याचा हात तिसऱ्याला, मध्ये पुट्टी भरून दाताच्या डॉक्टरची असते तसल्या सळईनं नाक-डोळे नव्यानं कोरायचे. एकेका राक्षसाला पंधरा-पंधरा दिवस. धाकटी म्हणायची, "ताई, यांच्या राक्षसांची जेवढी दाढी झाली, तेवढी यांची स्वतःची झाली नाही."

त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं सैन्य वनवासी धनुर्धाऱ्यांचं. दर रविवारी दहाला ठोका पडावा तसे हजर. दोघांत एक नियम होता आणि तो दगडावरच्या रेघेसारखा पाळला जायचा. रंगवलेला नसेल तो शिपाई मैदानात उतरायचा नाही. राक्षसांचा सेनापती अजून रंगला नव्हता, म्हणून वर्षभर भावोजी बिनसेनापतीचे लढत होते आणि सपाटून हरत होते.

"येत्या रविवारी उतरवतो," भावोजी एका रविवारी डाव हरल्यावर म्हणाले.

"उतरवा, उतरवा," पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले. "तसेही तुमचे आमच्यावर उपकार आहेतच. तुम्ही घासून दिलेल्या या नव्या चष्म्यातून मला माझी बायको नीट ओळखू येत नाही. घरात कशी शांतता आहे!"

आम्ही हसलो. भावोजी हसले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता मंगळवारचं ऐका. भावोजी दुकानात, धाकटी बाहेर गेलेली. मी त्यांच्या कामाच्या खोलीत झाडायला गेले. एरवी मी त्या राक्षसांकडे बघतही नसे. देवाचं नाव घेणाऱ्या बाईनं शिंगं आणि सुळे कशाला बघायचे? पण टेबलावरचं मोठं भिंग जागच्या जागी उभं होतं आणि त्याच्याखाली एक करडा, बिनरंगाचा शिपाई. वाकून बघितलं, आणि हातातला झाडू गळून पडला.

भिंगातून मीच माझ्याकडे बघत होते!

माझं बसकं नाक. डावीकडे कललेली मान. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खांद्यावर माझी शाल, तिला पडतात तशाच चुण्या. आणि डोक्यावर दोन छोटी शिंगं! बाकीच्या राक्षसांवरून भिंग फिरवलं, तर तो कोपऱ्यावरचा न्हावी, हा दूधवाला, ही दातांत अंतर असलेली घरमालकीण. अख्खी गल्ली सुळे लावून उभी. आणि धाकटीचं तोंड तर किती ठिकाणी, मी मोजायचंच सोडून दिलं.

संध्याकाळी भावोजी आले तशी मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"भावोजी, एवढी वर्षं तुम्हाला ताट वाढलं. मी राक्षसीण?"

ते कानापर्यंत लाल झाले. "राक्षसीण नाही हो वहिनी. सेनापती."

"शिंगं आहेत मला!"

"ती शिरस्त्राणाची आहेत." मग फार हळू विचारलं, "नाक बरोबर आलंय का? बघून नाही, बोट फिरवून सांगा."

हे काय विचारणं? पण माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढ्या बारकाईनं या जगात मला कुणी बघितलं होतं? मला आरसासुद्धा इतका ओळखत नाही. आणि मी त्या माणसाच्या अंगावर ओरडले होते. रात्रभर तेच खात राहिलं. याची भरपाई म्हणून काहीतरी करावं असं मनानं घेतलं, आणि बुधवारी ते दुकानात गेल्यावर मी ते केलं.

त्यांच्या टेबलामागे रंगांच्या कुप्यांची फळी होती. सहा ओळी, ओळीत सात कुप्या, सगळ्यांना सारखीच काळी झाकणं. त्या फळीला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा घरात एकुलता एक हुकूम. पण काय तो पसारा! काळ्याशेजारी गुलाबी, गुलाबीशेजारी गंज्या, म्हणजे गंजाच्या रंगाचा, मध्येच हिरवा. मला वाटलं, कामाच्या ओढीत माणसाला आवरायला सवड झाली नसेल. मी एकेक कुपी पुसली आणि सुरेख क्रम लावला. पांढऱ्यापासून पिवळे, मग केशरी, लाल, जांभळे, निळे, हिरवे, आणि शेवटी काळा. इंद्रधनुष्य उतरलं भिंतीवर! देवघर आवरल्यासारखं समाधान वाटलं.

भावोजी आले, टेबलाशी बसले, ब्रश घेतला. मी दारातून वाट बघत राहिले. एक शब्द नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. मी मनात म्हटलं, पुरुषांची जातच अशी, समोर डोंगर हलवला तरी दिसायचा नाही.

दिसायचा नाही! देवा, काय बोलून गेले मी मनातल्या मनात!

रविवार उजाडला. टेबलावर भुशाचं गवत चिकटवलेल्या टेकड्या लागल्या. पोस्टमास्तरांनी आपले धनुर्धारी मांडले, फासे खुळखुळवले. भावोजींनी पाऊणशे राक्षस उभे केले आणि मग आतून एक पालथा पेला आणला, बशीसकट. रंगवून पुरा होईपर्यंत शिपाई झाकून ठेवायचा आणि मैदानातच उघडायचा, ही त्यांची रीत. चेहरा असा, जसा मुलीच्या सासरचं पहिलं पत्र उघडणाऱ्या बापाचा असावा.

पेला उचलला.

माझं तोंड हिरवं होतं. शेवाळासारखं हिरवं. शाल भडक लाल, नुकतं रक्त सांडावं तशी. केस गुलाबी. किल्ल्या निळ्या. आणि काम असं, की श्वास रोखून बघावं. प्रत्येक चुणीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढी चमक. एकही रेघ चुकलेली नव्हती. फक्त रंग चुकले होते. सगळेच्या सगळे.

पोस्टमास्तर खो खो हसले. "वाहवा! वहिनींना विष चढलंय की! भिंगवाले, मानलं तुम्हाला."

भावोजींनाही हसू आलं, पण ते वेगळं हसू. "विष कसलं? का हो, निळी शाल आवडली नाही का?"

पोस्टमास्तरांच्या मुठीतले फासे वाजायचे थांबले.

धाकटी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे तिथंच खुर्चीवर टेकवला. अगदी सावकाश. नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"अहो, मी आज स्वेटर कुठल्या रंगाचा घातलाय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांगा ना."

"...करडा."

पिवळा होता. ढळढळीत पिवळा. तिच्या वाढदिवसाला त्यांनीच आणलेला. मी भिंतीला हात टेकला.

"करडा," धाकटी म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं. हिशोब दिल्यासारखं, खाली बघत. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजतोय. सात महिने झाले कळून. त्यावर इलाज नाही. आधी रंग जातात, ते गेले. मग समोरचं, मधलं जाणार, कडेचं तेवढं थोडं राहील. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं, कदाचित कमी.

"सात महिने!" धाकटीचा आवाज चिरला. "आणि मला कधी सांगणार होतात? मी हात धरून रस्ता ओलांडवायला लागल्यावर?"

"सेना पुरी झाली की."

"खेळण्यांसाठी थांबलात?"

भावोजींनी मान वर केली. "खेळणी नाहीत ती. टेबलावरचं कुठलंही उचल आणि माझ्या हातात दे. मी डोळे मिटतो."

तिनं रागानंच एक उचलला आणि त्यांच्या तळहातावर आपटला. त्यांचा अंगठा फिरला. "न्हावी. हनुवटीवर खड्डा." दुसरा. "घरमालकीण." तिसरा पोस्टमास्तरांनी दिला. "हे तुम्हीच. कान बघा केवढे." मग मी मला दिलं. "वहिनी," ते म्हणाले. "मान कललेली. खरी वहिनीच."

शेवटी धाकटीनं एक दिला. अंगठा त्यावर फार वेळ राहिला. "ही तू. हसताना. तू अकरा आहेस त्यात. हसणारी पाच, झोपलेली दोन, रागावलेली चार."

"रागावलेली चारच?" ती म्हणाली, आणि मग ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

मी मात्र रडूही शकत नव्हते, कारण मला तेव्हा कळत होतं. एकेक कुपी डोळ्यांपुढे येत होती. त्यांना रंग दिसत नव्हते, जागा पाठ होत्या. दुसरी ओळ, तिसरी कुपी, निळा. आणि मी...

"भावोजी," मी म्हटलं, "बुधवारी मी फळी आवरली."

त्यांचा चेहरा उतरला, तो मला मरेपर्यंत दिसेल. "म्हणजे बुधवारपासून मी... वहिनी, तुमचं तोंड कुठल्या रंगाचं झालंय?"

"हिरवं."

"शाल?"

"लाल."

मी म्हटलं, ओरडा, दोन शब्द बोला, मला बरं वाटेल. ते म्हणाले, "पण चुण्या जमल्यात ना?"

घसा साफ करून पोस्टमास्तर उभे राहिले. जन्मभर नियमांची पुस्तकं चाळलेला माणूस. "नियम असा, की शिपाई रंगवलेला पाहिजे. कुठल्या रंगानं, हे नियमात नाही. सेनापती मैदानात उतरू शकते." आणि फासे टेबलावर टाकले. "तुमचा डाव, भिंगवाले."

लढाई झाली. भावोजी डोळे मिटूनच खेळले, अंतर मी टेपवर वाचून सांगितलं. हिरव्या तोंडाची मी पुढे सरकले तशी नऊ धनुर्धारी एका फाशात पडले. पोस्टमास्तर हरले. हरल्यावर त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, उलटसुलट केला, आणि हळूच विचारलं, "हा कधी घासला होतात?"

"चार महिन्यांपूर्वी. बोटानं."

"हं," ते म्हणाले, आणि तोच चष्मा पुन्हा घातला. सोमवारी भावोजी दुकानात गेले आणि मालकाला सगळं सांगून आले. सोबत धाकटी होती, पिवळा स्वेटर घालून.

पण त्याआधी, त्या रविवारी दुपारीच, आम्ही फळी पूर्ववत केली. जुना क्रम मला आठवेना, लाज वाटली. भावोजी खुर्चीत बसून सांगत गेले, एखाद्यानं नामावळी म्हणावी तसे. वरची ओळ, डावीकडून, काळा, गुलाबी, गंज्या, हिरवा... बेचाळीस नावं, अडखळले नाहीत. मी एकेक कुपी ठेवत गेले, आणि मला वाटलं, देवानं माणसाला स्मरण दिलं ते अशाच दिवसासाठी.

सेनापतीचं तोंड परत रंगवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. माझ्या चुकीचा रंग आहे तो, माझ्याच तोंडाला राहू दे.

आता उठायच्या आधी एवढंच मागते. घरी जाल, कुणाचं टेबल तुम्हाला पसाऱ्यानं भरलेलं दिसेल, आवरायला हात शिवशिवेल. तेव्हा आमच्या भावोजींना आठवा. आणि हात लावायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा, तुला दिसतंय ना रे?