हललेला माणूस

गल्लीचा इतिहास लिहायचं, प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि गल्लीत पूर्वजांचा एकदम सुकाळ झाला. परवापर्यंत आजोबांचं नाव विचारलं तर डोकं खाजवणारे लोक आता पणजोबांच्या मिशांचे आकडे सांगू लागले.

सगळी भांडणं एका फोटोवरून. वाचनालयाच्या उद्घाटनाचा, पिवळा पडलेला, मागे एकही नाव न लिहिलेला. मधल्या खुर्चीतल्या रुबाबदार गृहस्थावर तीन घरांनी हक्क सांगितला.

"नाक बघा, नाक!" म्हणत समितीच्या अध्यक्षांनी स्वतःचं नाक फोटोला भिडवलं. औषधवाल्यांनी कान पुढे केले. चिटणीस हुशार निघाले. त्यांनी तिन्ही घरांच्या आजोबांची नावं खाली लिहून प्रत्येकापुढे 'बहुधा' जोडलं.

उजव्या टोकाचा एक जण मात्र फोटो काढताना हलला होता. वाऱ्यानं पाणी थरथरावं आणि आतला चंद्र विस्कटावा, तसा त्याचा चेहरा. त्याच्यावर कुणीच हक्क सांगेना.

"हा कापून टाकू," अध्यक्ष म्हणाले. "प्रदर्शनात बरं दिसत नाही."

"हात तर लावून बघा!" दाराशी बसलेल्या शिलाईवाल्या मावशी उठल्या. "माझे बाबा आहेत ते."

"अहो मावशी, तोंडच नाही. ओळखलंत कसं?"

"आई मला घेऊन उजवीकडे जिन्याशी उभी होती, फोटोच्या बाहेर. सगळे श्वास रोखून उभे आणि मी भोकाड पसरलं. बाकीचे हलले नाहीत. बाबांनी तेवढी मान वळवली. आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझ्यापायी बापाचं तोंड गेलं गं. दुसरा फोटो नाही त्यांचा. एवढा धुरळा उरलाय, तोही कापता?"

कात्री टेबलावर गेली. कुणीतरी नाक ओढलं. मग अध्यक्ष पुन्हा फोटोवर वाकले.

"आता नीट बघता... हे आमचे आजोबाच वाटतात. फार मायाळू होते हो!"

"वा! तुमचे मघाशी खुर्चीत होते ना?" औषधवाले उसळले. "मायाळू आमचे!"

चिटणीसांनी 'बहुधा' लिहायला पेन उघडलं.

"असू देत की तुमचे," मावशी म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा, रडत कोण होतं?"

शूरवीर, दानशूर, सगळे पूर्वज तयार होते. रडक्या पोराची सोय मात्र कुणीच केली नव्हती.

"आमच्या घराण्यात कुणी रडत नसे," अध्यक्ष पुटपुटले.

"मग ते कशाला वळतील?"

अध्यक्ष खुर्चीत बसले. चिटणीसांनी बाबांचं नाव विचारलं. मावशींनी सांगितलं, हळू, कितीतरी वर्षांनी. अख्ख्या फोटोत तेवढ्या एका नावापुढे 'बहुधा' लागलं नाही.

"जरा उजवीकडे सरकवून लिहा," मावशी म्हणाल्या. "ते तिकडे बघतायत."