लंगडा पवित्रा

कुशाबांनी डावा पाय ओढत लाठी फिरवली, आणि मागच्या बावीस जणांनी आपापले धडधाकट पाय मातीतून ओढले. लालबागच्या तालमीत रोज सकाळी हेच चाले. गिरणीत कापड विणायच्या साच्यात सापडून गुडघा गेला, तेव्हा कुशाबांनी पाय ओढत, कलून वार करायची आपली रीत बसवली. तिनं दोन नामांकित लाठीवाल्यांना लोळवलं, आणि ठाकूरद्वारपासून लोक 'कुशाबाचा पवित्रा' शिकायला येऊ लागले.

पुढं गुडघा बरा झाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कोणत्या तोंडानं सांगणार? दोन वर्षं कुशाबा उंबऱ्याबाहेर लंगडत होते. सरळ चालायचं ते खोलीत, आणि खोली जेमतेम सात पावलांची. स्वतःच्या नावाचा त्यांना वीट आला होता. त्यात सगळा भार पेलून उजवी कंबर धरली होती. असंच चाललं तर वर्षाच्या आत अंथरूण धराल, असं हाडवैद्यानं बजावलं होतं.

"पाय बरो झालो, मगे फरफटवतास कित्याक?" आज निघताना बायको, मालन, म्हणाली होती.

"लोक काय म्हणतील?"

"लोक आपली कंबर देतले काय तुमका?"

कुशाबांनी हात थांबवला. लाठी भिंतीला टेकवली आणि तालमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते ताठ चालत गेले.

"ऐका. माझा पाय बरा आहे. हे ओढणं पवित्र्यातलं नाही. ते दुखणं होतं. उद्यापासून सगळ्यांनी सरळ उभं राहायचं."

बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पट्टशिष्य धोंडू हसत पुढं आला. वस्तादांसमोर गुडघे टेकून त्यानं त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला, हळूच मागं ओढला, टाच बाहेर वळवली आणि नेहमीच्या जागी बसवला.

"वस्ताद, परीक्षा घेताय होय आमची? मेलो तरी हा पाय सोडणार नाही आम्ही."

मागं बाकीच्या एकवीस जणांनी होकारात माना डोलावल्या. धोंडू अजून खालीच होता, शाबासकीची वाट बघत. त्याचे डोळे आनंदानं चमकत होते.

कुशाबांनी भिंतीकडे हात केला. कुणीतरी लाठी आणून दिली.

"शाबास," ते म्हणाले, आणि पाय ओढत लाठीचा पुढचा हात मोजू लागले.