'इतर' लिहिलेली ओळ

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात, कस्टमच्या कचेरीत माझे आयुष्य गेले. माझ्यात गोष्टी नाहीत, चित्रेही नाहीत. जहाजातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा एक आकडा माझ्यात छापलेला आहे. रबरी चपलांचा वेगळा, सुक्या मासळीचा वेगळा, शिवणयंत्राच्या सुईचासुद्धा वेगळा. त्या आकड्यांवरून सरकारला कळते, देशात काय आले आणि किती आले.

काही गॅसही माझ्या पानांत आहेत. जुन्या फ्रीजमध्ये आणि बर्फाच्या यंत्रांत एक गॅस असायचा. तो हवेत सुटला की हळूहळू उंच चढतो आणि आभाळातला ओझोनचा थर पोखरतो. तो थर आपल्याला भाजणाऱ्या किरणांपासून वाचवतो. म्हणून अनेक देशांनी मिळून ठरवले, हा गॅस बंद करायचा. त्याला माझ्यात स्वतःचा आकडा होता, त्यामुळे कागदावर तो आला की लगेच ओळखू यायचा. त्याच्या जागी त्या थराला धक्का न लावणारा जो नवा गॅस आला, त्याला मात्र आकडा नव्हता. तो आणखी कितीतरी रसायनांबरोबर 'इतर' असे लिहिलेल्या एका ओळीत कोंबलेला होता. माझ्या सगळ्या पानांत मला लाज वाटते ती त्या ओळीची.

माझी देखभाल तियुर्मा सिहोम्बिंग करायची. तिने मला खाकी कागदाचे वेष्टन घातले, फाटलेली पाने चिकटवली. तिचे साहेब हेंदार्तो, ज्यांना सगळे मानाने 'पाक' म्हणत, तिला चिडवायचे.

"तियुर्मा, या पुस्तकाइतकं नवऱ्याला जपलं असतंस, तर संसार टिकला असता."

"नवरा खोटं बोलायचा, पाक," ती मान वर न करता म्हणायची. "हे बोलत नाही."

तिला एक थोरला भाऊ होता, पार्लिन. वडील समुद्रात बुडाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून तो यंत्रदुरुस्तीला लागला आणि धाकट्या बहिणीला त्याने शिकवले. आता मासळीच्या धक्क्याजवळ त्याचे दुकान होते. होड्यांना बर्फ पुरवणारी सगळी यंत्रे तोच चालती ठेवायचा. दर गुरुवारी तो मसाल्यात शिजवलेल्या माशाचा डबा घेऊन कचेरीत यायचा आणि दोघे माझ्या शेजारी बसून जेवायचे.

एका वर्षी 'इतर'च्या ओळीत नव्या गॅसचे निळे सिलिंडर फार येऊ लागले. आदल्या वर्षी दोनशे आले होते, त्या वर्षी तीन हजार. तियुर्माने जेवताना भावाला विचारले, "इतो, आपल्या गावात नवी यंत्रं किती असतील?"

"चार. का गं, इतो?" बहीणभाऊ एकमेकांना याच नावाने हाक मारत.

"नवा गॅस जुन्या यंत्रात चालतो?"

"छे. त्यातल्या तेलाशी जमत नाही त्याचं. थोड्या दिवसांत यंत्र बसतं."

"मग तीन हजार सिलिंडर गेले कुठे?"

पार्लिन माशाचे काटे काढत राहिला. "तुला काय करायचंय? जेव," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून त्याच्या दुकानात गेली. तीस वर्षांचे एक यंत्र छान चालले होते आणि त्याला निळा सिलिंडर जोडलेला होता.

"रंग तेवढा नवा आहे ना?" तिने विचारले.

"आत काय आहे ते मी विचारत नाही."

"तुला माहीत आहे."

"आहे माहीत. बर्फ नसला तर होड्या निघत नाहीत. नवी यंत्रं कोण देणार, तुझं पुस्तक?" मग हात पुसत त्याने हळूच विचारले, "तू लिहिणार आहेस का?"

तिने मला छातीशी इतके घट्ट धरले होते की तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते.

दोन दिवस तिने मला उघडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना सगळे लिहून दिले.

पुढचा माल उघडला गेला. राजधानीतून गॅस ओळखणारे यंत्र आले. एकूण एक सिलिंडरमध्ये जुना, बंदी असलेला गॅस निघाला. माल मागवणाऱ्याच्या पत्त्यावर कुलूप लावलेले गोदाम होते. तो माणूस कधीच सापडला नाही. विकत घेणारे मात्र सापडले, आणि त्यांच्यात पहिले नाव पार्लिनचे होते. त्याला एक वर्षाची कैद झाली.

कचेरीत सोहळा झाला. तियुर्माला मानपत्र मिळाले, माझाही फोटो काढला गेला. त्याच संध्याकाळी मला पिशवीत घेऊन ती आईकडे गेली. आई उंबऱ्यातच उभी होती.

"आकडा बरोबर लिहिलास, पोरी," आई म्हणाली. "आता या घरी जेवायला येऊ नकोस."

तुरुंगात पार्लिन तिला भेटला नाही. सुटल्यावर दुकान उरले नव्हते, म्हणून तो काम शोधायला बाताम बेटावर गेला. दोन वर्षांनी तिथेच तापाने वारला. निरोप कचेरीच्या फोनवर आला. तियुर्मा माझ्या उघड्या पानावर हात ठेवून बसून राहिली. पाक हेंदार्तोंनी बाहेरून दार लोटून घेतले आणि दिवसभर कुणालाही आत येऊ दिले नाही.

पुढे कॉम्प्युटर आले आणि मी कपाटात गेलो. वाळवीने माझी शेवटची पाने खाल्ली. मग खूप वर्षांनी नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात त्या नव्या गॅसला 'इतर'मधून काढून वेगळा आकडा दिला गेला. तोवर तियुर्मा निवृत्त झाली होती. ही बातमी तिला कुणी कळवली नाही.

उद्या रद्दीची गाडी येणार आहे. मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. माझे काम आता दुसरे पुस्तक करते आहे. पण तुमच्या ओळखीत कुणी खरे लिहून एकटे पडले असेल, तर त्याच्या दारी जरूर जा. शाबासकी देऊ नका, ती तियुर्मालाही मिळाली होती. त्याच्या शेजारी बसा आणि चार घास जेवा.