सत्तेचाळिसावा भाग

थोरलीने कवळीची कड फिरत्या चाकाला लावली आणि गुलाबी भुसा तिच्या मास्कवर उडाला. कानात इअरफोन होते. दातांच्या त्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं काम करत होती, आणि त्यातली निदान दहा वर्षं तरी कान असे भरलेले ठेवून. सकाळी साचे ओतताना गाणी, जेवणानंतर घासकाम सुरू झालं की पॉडकास्ट. कुणी समुद्राच्या तळाविषयी सांगायचं. दोन बायका जुन्या खटल्यांच्या गोष्टी सांगता सांगता शेजारणींसारख्या खिदळायच्या. त्या हसल्या की मास्कच्या आड तीही हसायची. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा घासकाम तिने घरी आणलं होतं. तेव्हाही हा नाद सुटला नव्हता. एक कान फक्त बाबांसाठी मोकळा ठेवायची.

आजचा भाग मास्तरांनी सुचवलेला होता. मास्तर म्हणजे पलीकडच्या टेबलावर दातांना रंग देणारे साठीचे गृहस्थ. एरवी विनोदी कार्यक्रम ऐकत एकटेच खुसखुसायचे.

"सत्तेचाळिसावा भाग ऐकाच," ते म्हणाले होते. "काय पोरगी आहे हो! बापाचं किती केलंय तिने. ब्रश खाली ठेवून ऐकला मी."

दुसऱ्या वाक्यालाच थोरलीने आवाज ओळखला. तिची धाकटी बहीण. धाकटीचं काहीतरी रेकॉर्डिंगचं चालतं एवढं तिला ठाऊक होतं. काय, ते हिने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"बाबा शेवटी शेवटी मला आई म्हणायचे," कानातला आवाज संथपणे, नेमक्या जागी थांबत बोलत होता. "झोपताना कवळी काढून पलंगाखालच्या बुटात लपवायचे. मी रोज सकाळी चादरी बदलायचे, घास भरवायचे, बूट झटकायचे..."

चाक घसरलं. अर्धा सुळा उडून खिडकीच्या काचेवर टक्कन आपटला.

"लागलं का?" मास्तरांनी विचारलं.

तिने इअरफोन कानातून उपटले. बाबांच्या आजारपणाच्या दीड वर्षात धाकटी तीन वेळा आली होती. तिन्ही वेळा हातात फुलं आणि पर्समध्ये परतीचं तिकीट. बाबा गेल्यावर मात्र तिची बदली याच शहरात झाली, तेव्हा हसावं की रडावं ते थोरलीला कळलं नव्हतं. आणि आता म्हणे, मी बूट झटकायचे. मी!

"मला बरं वाटत नाहीये. निघते."

"अहो, पण शेवट तर ऐका. शेवटाला तर ती..."

"शेवट मला माहीत आहे," ती म्हणाली आणि ॲप्रन खुंटीवर न लावता टेबलावरच फेकला.

बसमध्ये कितीतरी वर्षांत प्रथमच ती उघड्या कानांनी बसली. समोरच्या बाईच्या कानात काहीतरी होतं, दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्याही. ही सगळी माणसं आत्ता त्या बुटांचीच गोष्ट ऐकताहेत असं तिला वाटलं. काय बोलायचं ते तिने मनात जुळवायला घेतलं. प्रत्येक थांब्यागणिक वाक्य आखूड आणि जहरी होत गेलं.

धाकटीने दार उघडलं. "ताई! आत्ता? फोन तरी करायचास."

"बूट कोण झटकायचं?"

धाकटीचा चेहरा उतरला. "आत तर ये."

"आधी सांग. मग येते."

"तू," धाकटी म्हणाली आणि बाजूला झाली.

आतल्या खोलीत प्रतिध्वनी येऊ नये म्हणून भिंतींना रजया ठोकल्या होत्या. त्यामुळे थोरलीचा चढलेला आवाज तिथे विचित्र, घरगुती वाटू लागला, आणि त्याचाही तिला राग आला.

"रोज संध्याकाळी मी तुला फोन करायचे. मन हलकं करायला. आणि तू काय करत होतीस? टिपून घेत होतीस?"

"टिपलं नाही गं. लक्षात राहिलं. मी तिथे नव्हते ना ताई. तुझ्या फोनमधूनच काय ते होते."

"वा! हे वाक्य पुढच्या भागात घाल."

"सगळा ऐकलास?"

"अर्धा. तेवढ्याने पोट भरलं."

"शेवट ऐक. मग जोड्याने मार मला."

धाकटीने फोनवर तो भाग पुढे सरकवला आणि तिच्यासमोर धरला. तोच संथ आवाज. "एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. एकदा मी बाबांच्या थोबाडीत मारली. गालावर बोटं उमटली. कित्येक रात्री झोप नव्हती, मी पार थकले होते..."

थोरलीने खुर्चीची पाठ धरली. हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, न्हाणीघरात नळ सोडून, फोनवर कुजबुजत.

धाकटी हळूच म्हणाली, "हे तुझ्या नावावर टाकणार होते का मी? लोकांनी काय काय लिहिलंय ते वाच. राक्षसीण म्हणालेत मला. म्हणू देत. तुझ्यासाठी घेतलं मी अंगावर."

ती वाट पाहत राहिली. आता ताईचे डोळे भरून येतील, असं तिच्या उभं राहण्यात होतं.

"चादरी ठेव तुला," थोरली म्हणाली. "बूट ठेव, घास भरवलेले ठेव. मिरव हवं तितकं. पण ती थप्पड माझी आहे. ती तू घ्यायची नाहीस."

"वेडी आहेस का? तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून..."

"आणि थकले होते म्हणून मारली, हे कुणी सांगितलं तुला?"

"मग? दुसरं काय असणार?"

त्या शेकडो फोनांत धाकटीने हे एकदाही विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नव्हतं.

थोरली खुर्चीवर बसली. भुशाने गुलाबी झालेली नखं तिने मुठीत मिटली.

"त्या दिवशी माझी झोप चांगली झाली होती. मी त्यांची दाढी केली, कपडे बदलले, त्यांच्या आवडीची गाणी लावली. खुशीत होते. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. आता माझ्या मुलीला बोलवा. मी म्हटलं, बाबा, मीच तुमची मुलगी. तर हसले. म्हणाले, नाही हो, मला एकच मुलगी आहे. ती बाहेरगावी असते."

धाकटी भिंतीला टेकली.

"तेव्हा मारली. शुद्धीत होते मी."

मग धाकटीचा हात टेबलाकडे गेला. थोरली आली तेव्हा ती नव्या भागाचं काम करत होती, आणि रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं.

"चालू आहे का ते?"

धाकटीने मान डोलावली. "पुसून टाकते."

"हात लावू नकोस." थोरलीने खुर्ची माइकपाशी ओढली. "नीट सांगते मी, पहिल्यापासून. तू तिकडे बस आणि ऐक."